दातांच्या डॉक्टरची भीती : खिशातला मोबाइल कितपत कामी येतो?

नरसी नामदेवहून लेकराला घेऊन हिंगोलीला दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, कामाचा खाडा होतो. तिथं खुर्चीवर बसल्यावर पोरानं तोंडच उघडलं नाही, तर आल्या पावली परत. मग "दुधाचाच दात आहे, पडेल आपोआप" म्हणून विषय संपतो. ही समजूत महागात पडते. दुधाचे 20 दात सहाव्या वर्षाच्या सुमारास पडायला लागतात, पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. कीड मुळापर्यंत गेली तर पू होतो, गाल सुजतो, आणि खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते.

मूल घाबरतं ते सुईला, मशीनच्या आवाजाला आणि अनोळखी माणसासमोर आडवं पडण्याला. त्यात घरातूनच धमकी मिळालेली असते : "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई देतील." हे आधी बंद करा.

यावर दंतवैद्यांची जुनी पद्धत आहे : सांगा, दाखवा, मग करा. अमेरिकन दंतवैद्य अॅडेलस्टन यांनी ती 1959 मध्ये मांडली. आज यातलं 'दाखवा' घरीच होऊ शकतं. आदल्या दिवशी मोबाइलवर दात तपासणीचा छोटा, मुलांसाठी केलेला व्हिडिओ दाखवा. खुर्ची कशी वर-खाली होते, पाण्याचा फवारा कसा उडतो, हे बघितलं की नवखेपणा कमी होतो. आधी तो व्हिडिओ स्वतः पाहून घ्या, रक्त दिसणारे व्हिडिओ नकोत.

प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी कार्टून आणि हेडफोन. मशीनचा आवाज दबतो, लक्ष दुसरीकडे जातं. कार्टून मूल घरी बोलतं त्याच भाषेतलं, ओळखीचं असावं आणि घरूनच डाउनलोड करून न्यावं, ऐनवेळी नेटवर्क दगा देतं. एक कान मोकळा ठेवा, डॉक्टरांचं बोलणं ऐकू यायला हवं. जे पोर रोज तासन्‌तास मोबाइलवरच असतं त्याला त्याचं अप्रूप राहत नाही, म्हणून दोन-चार दिवस आधीपासून मोबाइल कमी केलेला बरा.

शहरातले काही दवाखाने डोळ्यांवर लावायचा व्हीआर चष्मा वापरतात. काही मुलं त्यात रमतात, काहींना समोरचं दिसेनासं झालं की उलट धडकी भरते. लहान मुलांना तो जड होतो, गरगरतं. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. भुलीच्या इंजेक्शनच्या वेळी मुलांना शांत ठेवण्याच्या उपायांचा 2020 मध्ये कॉक्रेन संस्थेनं आढावा घेतला. पडदा आणि चष्मा त्यात होते, पण कोणता उपाय खात्रीनं सरस, हे सांगण्याइतका भक्कम पुरावा निघाला नाही. तेव्हा जास्त पैसे मोजून चष्म्यामागे धावायची गरज नाही. आणि पडद्यानं दुखणं थांबत नाही, भूल द्यावीच लागते. "अजिबात दुखणार नाही" असं अम्मी-अब्बूंनी सांगू नये. "थोडं टोचेल, मग बधिर होईल" एवढं खरं सांगावं.

डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. भुलीचं औषध अगदी हळू सोडणारं संगणकावर चालणारं यंत्र आहे का? आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून भागेल का? हे औषध ब्रशनं लावतात, सुई नको, मशीन नको, कीड वाढायची थांबते. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो, ते आधी पटवून घ्या.

पैशांची अडचण असेल तर 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, दातही त्यात येतात. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं. पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी मागून घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जायची वेळ आली, तर केसपेपर काढताना 'पेडोडॉन्टिक्स' म्हणजे मुलांच्या दातांचा विभाग असं सांगा, चुकीच्या रांगेत वेळ जाणार नाही.