किवी कुणाचं? मूठभर बियांची शंभर वर्षांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय.

डेंग्यूचा सीझन सुरू झाला की हॉस्पिटलबाहेरच्या फळवाल्याकडे एक फळ हमखास दिसतं. तपकिरी, अंगावर लव असलेलं, प्लास्टिकच्या डबीत तीन-तीन मांडलेलं. किवी. ‘प्लेटलेट वाढतात म्हणे’ असं एकमेकांना सांगत नातेवाईक ते विकत घेतात. खरंच वाढतात का, ते डॉक्टरांना विचारा. माझा प्रश्न वेगळाच आहे. त्या डबीवर कधी न्यूझीलंड लिहिलेलं असतं, कधी इटली, कधी इराण. मग हे फळ मूळचं कुणाचं?

नावावरून न्यूझीलंडचं वाटतं. किवी हा तिथला न उडणारा पक्षी, आणि तिथली माणसंही स्वतःला किवीच म्हणवतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूझीलंडमध्ये या फळाची एक वेलसुद्धा नव्हती. ते तिथे पोचलं ते एका बाईंच्या सामानातून, मूठभर बियांच्या रूपात. ना सरकारी मोहीम, ना कंपनीचा करार. हाताहाती दिलेली भेट, बस. आणि ज्या फळाची सुरुवात भेटीने झाली, त्याच फळावरून पुढे चोरीचा खटला उभा राहिला. आजची गोष्ट या दोन टोकांमधली आहे.

आधी चीनमध्ये जाऊ. यांगत्से नदीच्या खोऱ्यातल्या डोंगराळ जंगलांत ही वेल आपोआप वाढते, झाडांवर चढते. तिथलं तिचं नाव मिहोउताओ, म्हणजे ‘माकडांचं पीच’. सोळाव्या शतकातले वैद्य ली शिझेन यांनी आपल्या औषधांच्या ग्रंथात या नावाचं कारणही दिलंय. आकार नासपतीसारखा, रंग पीचसारखा, आणि माकडांना हे फळ फार आवडतं. त्याच्याही साधारण आठशे वर्षं आधी, थांग राजवटीतल्या एका कवितेत अंगणातल्या या वेलीचा उल्लेख येतो. म्हणजे फळाची ओळख जुनीच होती. लोक ते रानातून गोळा करून खायचे, औषधाला वापरायचे. मोठ्या बागा मात्र कुणी लावल्या नव्हत्या. आपल्याकडे पावसाळ्यात टाकळा, शेवळं, कुडाची फुलं जशी रानातून येतात ना, तसंच.

एकोणिसाव्या शतकात युरोपचे वनस्पती गोळा करणारे लोक चीनमध्ये हिंडायला लागले. १८४७ मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाने वाळवलेल्या नमुन्यावरून या वेलीला लॅटिन नाव दिलं: ॲक्टिनिडिया चायनेन्सिस. पुस्तकांमध्ये हा ‘शोध’ म्हणून नोंदवला जातो. हजार वर्षांपासून लोक जे खात होते त्याचा शोध! शोध हा शब्द आपण जरा जपूनच वापरायला हवा.

१९०० च्या सुमारास अर्नेस्ट विल्सन नावाचा तरुण इंग्रज यीचांग या नदीकाठच्या बंदरात आला. इंग्लंडच्या व्हीच नर्सरीने त्याला बागेत लावण्याजोगी नवी झाडं शोधायला पगारावर पाठवलं होतं. यीचांगमध्ये मिशनरी, कस्टमचे अधिकारी, व्यापारी असे बरेच परदेशी राहत. विल्सनने त्यांना या फळाची चव दाखवली आणि त्यांना ते आवडलं. नर्सरीकडे बिया गेल्या. त्याच काळात अमेरिकेच्या शेती खात्याकडेही गेल्या. एकीकडे नावाजलेली कंपनी, दुसरीकडे सरकार. पैसा, जमीन, माळी, सगळं हाताशी. तरी दोघांनाही फळाची शेती उभी करता आली नाही.

का? तर त्यांच्या सुरुवातीच्या वेली निघाल्या सगळ्या नर.

हे जरा समजून घेऊ. किवीमध्ये नर फुलं एका वेलीवर आणि मादी फुलं दुसऱ्या वेलीवर येतात. फळ फक्त मादी वेलीला धरतं, पण जवळ नर वेल नसेल तर तेही धरत नाही. आणि वेल फुलावर येईपर्यंत काही वर्षं जातात. तोवर समोर काय वाढतंय, नर की मादी, काहीच कळत नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर करटुली घ्या. कुणी करटोली म्हणतं, कुणी कंटोली. पावसाळ्यात बाजारात येणारी ती काटेरी हिरवी रानभाजी. तिचंही असंच आहे, नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. ती कंदापासून लावतात. ज्यांना ही भाजी माहीत आहे ते कंद देताना सांगतात, ‘दोन्ही ने, नुसता एक नेऊन उपयोग नाही.’ म्हणजे झाड द्यायचं असेल तर त्याच्यासोबत ही माहितीही द्यावी लागते. नाहीतर वेल नुसती वाढते, भाजी काही मिळत नाही. व्हीच नर्सरीचं आणि अमेरिकी सरकारचं झालं ते हेच.

आता त्या बाईंकडे येऊ. इसाबेल फ्रेझर. न्यूझीलंडमधल्या वांगानुई शहरात मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांची बहीण केटी यीचांगच्या स्कॉटिश मिशनमध्ये काम करायची. १९०३ मध्ये इसाबेल बहिणीला भेटायला गेल्या आणि १९०४ च्या सुरुवातीला परतल्या. येताना सोबत या फळाच्या थोड्या बिया आणल्या. घरी आल्यावर त्या बिया त्यांनी ओळखीतल्या एकांना दिल्या, त्यांच्याकडून त्या त्यांच्या भावाकडे गेल्या. हा भाऊ, अलेक्झांडर ॲलिसन, बागकामात तरबेज. १९१० मध्ये त्याच्या वेलींना पहिली फळं लागली.

या बियांमधून ज्या वेली पुढच्या वंशासाठी कामी आल्या त्या फक्त तीन: दोन मादी आणि एक नर. शुद्ध नशीब! कंपनी आणि सरकार यांना जे जमलं नाही, ते बहिणीला भेटायला गेलेल्या मुख्याध्यापिकेच्या मूठभर बियांनी केलं. न्यूझीलंडचा हिरव्या किवीचा सगळा धंदा या तीन वेलींच्या वंशावर उभा राहिला.

पण नुसतं नशीब म्हणून सोडून देणं न्यूझीलंडच्या माळ्यांवर अन्याय होईल. १९२० च्या दशकात ऑकलंडजवळच्या हेवर्ड राइट नावाच्या नर्सरीवाल्याने अनेक रोपांतून एक वेल निवडली. फळ मोठं, चव चांगली, आणि काढल्यावर महिनोन्महिने टिकणारं. शेवटचा गुण सगळ्यात महत्त्वाचा, कारण तेव्हा बोटीने इंग्लंडला पोचायला आठवडे लागायचे. या वेलीची कलमं करून ती सगळीकडे लावली गेली. हापूसचं जसं आहे ना, कोय लावून तसाच आंबा मिळेल याची खात्री नाही, कलमच हवं, तसंच हे. दुकानात जे हिरवं किवी मिळतं ते बहुतेक करून ‘हेवर्ड’ असतं, म्हणजे त्या एका वेलीचंच कलम.

मग नावाचा प्रश्न आला. न्यूझीलंडमध्ये या फळाला ‘चायनीज गूजबेरी’ म्हणत. १९५९ मध्ये ते अमेरिकेला पाठवायचं ठरलं. शीतयुद्धाचा काळ, अमेरिकेत ‘चायनीज’ हा शब्द विकायला अवघड. आधी ‘मेलोनेट’ हे नाव सुचवलं गेलं, पण अमेरिकेत मेलन आणि बेरी या दोन्हींवर आयातकर जास्त. शेवटी टर्नर्स अँड ग्रोअर्स या ऑकलंडच्या कंपनीने नाव ठेवलं ‘किवीफ्रूट’. मार्केटिंगच्या इतिहासातला हा भलताच यशस्वी निर्णय. पण त्या एका शब्दाबरोबर यीचांगचे डोंगर, मिहोउताओ हे नाव आणि ते हजार वर्षं जपणारी माणसं, सगळं लेबलवरून पुसलं गेलं.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण तिचा दुसरा भाग जास्त विचार करायला लावतो.

जगभरच्या वनस्पती उद्यानांमध्ये एक जुनी, छान रीत आहे. आपल्याकडे कोणकोणत्या बिया आहेत याची यादी छापायची, दुसऱ्या उद्यानांना पाठवायची, आणि मागतील त्यांना फुकट द्यायच्या. तेही त्यांच्या बिया देतात. शत्रू देशांची उद्यानंसुद्धा अशी देवाणघेवाण करत आली आहेत. १९७० चं दशक संपता संपता चीन आणि न्यूझीलंडच्या संशोधकांचे संबंध वाढले, तेव्हा चीनमधून किवीच्या आणखी बिया न्यूझीलंडला गेल्या. त्यांच्यापासून तिथल्या शास्त्रज्ञांनी पिवळ्या गराचं, जास्त गोड किवी तयार केलं. २००० च्या सुमारास ते ‘झेस्प्री गोल्ड’ या नावाने बाजारात आलं.

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडच्या ते पुके भागात पीएसए नावाचा जिवाणूजन्य रोग पसरला आणि या पहिल्या सोनेरी वाणाच्या बागा कोसळल्या. सगळ्या वेली एकाच वेलीची कलमं. एकीला जे मारतं ते सगळ्यांना मारतं. तिथल्या शेतकऱ्यांना वाचवलं ते ‘गोल्ड थ्री’ या नव्या वाणाने. हे आपण ‘सनगोल्ड’ नावाने विकत घेतो. पण हे वाण कुणीही लावू शकत नाही, झेस्प्रीचं लायसन्स लागतं. २०२० मध्ये न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी हेक्टरमागे चार लाख न्यूझीलंड डॉलरच्या आसपास मोजले. आपल्या हिशोबाने जवळपास दोन कोटी रुपये. फक्त लावण्याची परवानगी मिळावी म्हणून!

आणि त्याच वर्षी न्यूझीलंडच्या हायकोर्टाचा निकाल आला. सनगोल्डची कलमं बेकायदा चीनला पोचवल्याबद्दल संबंधितांना कोट्यवधी डॉलरची भरपाई द्यायला सांगितलं गेलं. तोवर चीनमध्ये हजारो हेक्टरवर परवानगीशिवाय सनगोल्ड लागलेलं होतं.

बघा, काय वळण आहे. बिया चीनमधून न्यूझीलंडला गेल्या, ती भेट. कलमं न्यूझीलंडमधून चीनला गेली, ती चोरी. दोन्हीकडे वेल तीच. बदलला तो कायदा.

मला इथे एका बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या नाहीत. वाण तयार करायला वर्षानुवर्षं खर्च होतात, आणि ज्याने ती घालवली त्याला मोबदला मिळायलाच हवा. शिवाय चीन काही रिकाम्या हाती राहिलेला नाही. आज जगात सगळ्यात जास्त किवी चीनमध्येच पिकतं, आणि तिथल्या संशोधकांनी लाल गराची स्वतःची वाणंही काढली आहेत. पण प्रयोगशाळेतल्या वीस वर्षांच्या कष्टाला किंमत आणि डोंगरातल्या हजार वर्षांच्या ओळखीला शून्य, हा हिशोब मला पटत नाही.

हा हिशोब थोडा तरी सुधारावा म्हणून १९९२ मध्ये रिओ इथे जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. झाडं-प्राणी ज्या देशातले, त्या देशाचा त्यांच्यावर हक्क, आणि फायदा झाला तर वाटा द्यायचा, असं त्यात ठरलं. पण १९९३ च्या अखेरीस तो लागू होण्याआधी जे देशाबाहेर गेलं त्याला तो लागत नाही. म्हणजे इसाबेल फ्रेझर यांच्या बिया सुटल्या, आणि नंतर पाठवलेल्या बियाही सुटल्या.

भारतात याच करारानुसार २००२ चा जैवविविधता कायदा आला. त्यात गावपातळीवर लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची तरतूद आहे: गावात कोणती झाडं, कोणत्या भाज्या, कोण काय वापरतं. त्याच्या आदल्या वर्षीचा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांचा कायदाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याप्रमाणे शेतकरी आपलं बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, अगदी ब्रँडशिवाय विकूही शकतो. बी वाटण्याची ही मुभा गृहीत धरू नका. जगात सगळीकडे ती नाही.

म्हणून आज एक काम सांगतो. या पावसाळ्यात कुणी तुम्हाला करटुलीचा कंद दिला, किंवा एखाद्या रानभाजीची बी दिली, तर ती घ्याच. आणि पुढेही द्या. देणंघेणं थांबलं तर बी मरतं. फक्त फोनमध्ये तीन गोष्टी लिहून ठेवा: तिचं स्थानिक नाव काय, ती कुठल्या गावची, आणि ती लावायची-शिजवायची कशी हे तुम्हाला कुणी सांगितलं. पुढच्या माणसाला बी द्याल तेव्हा या तीन ओळीही सोबत पाठवा. मिहोउताओच्या वेळी बिया पोचल्या, या तीन ओळी वाटेतच राहिल्या.