लांबी (मोटारीची)

ठोकलेल्या किंवा गंजलेल्या पत्र्यातला खड्डा भरण्याचा लेप. गॅरेजात याला पुट्टीही म्हणतात. पॉलिएस्टर रेझिन आणि संगजिऱ्याची पूड यांच्या या लगद्यात साधारण २ टक्के हार्डनर मिसळला की काही मिनिटांतच तो धरू लागतो. म्हणून एका वेळी हाताला आवरेल तेवढीच लांबी कालवावी. पूर्वी हेच काम शिशाच्या मिश्रधातूने होई. रेझिनची लांबी अमेरिकेत १९५०च्या दशकात आली.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या खाऱ्या हवेत खरा शत्रू गंज. काशीदच्या पुळणीवर गाडी नेली, की ओली वाळू मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटून बसते आणि पत्रा आतून खाते. बाहेर दिसतो तो रंगाला आलेला फुगा. तो टोकरला की तपकिरी पापुद्रे सुटतात. चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासणे थांबवू नये. संगजिरे ओल शोषते, त्यामुळे गंजावर चोपडलेली लांबी पावसाळ्यात उचलते. आरपार भोकाला मात्र पत्र्याचे ठिगळच वेल्ड करावे लागते.

थर पातळच हवा, ३ मिलिमीटरच्या आसपास. वाळल्यावर ८० नंबरचा पेपर ठोकळ्याला गुंडाळून, मास्क लावून घासावे. प्रायमर त्याच दिवशी मारावा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत लांबी रात्रभर उघडी ठेवू नये.