वीजजाळे-नियोजन, नवीकरणीय ऊर्जेसाठी

सौर व पवन विजेचा वाटा मोठा असूनही पुरवठा अखंड राहावा म्हणून निर्मिती, पारेषण, साठवण आणि मागणी यांचा प्रदेशपातळीवर एकत्रित आराखडा करण्याची प्रक्रिया. महाराष्ट्राचे जाळे गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड व गोवा यांच्यासह पश्चिम विभागात मोडते. २०१३ अखेर सोलापूर–रायचूर वाहिनी जोडली गेल्यावर सगळा देश एकाच वारंवारतेवर, म्हणजे ५० हर्ट्‌झवर, चालू लागला.

औष्णिक केंद्रांच्या काळात वर्षातील कमाल मागणी भागवणे हा नियोजनाचा पाया होता. आता प्रत्येक तासाचा हिशेब मांडावा लागतो. सौर वीज दुपारी मुबलक असते आणि सायंकाळी मागणी चढू लागते तेव्हाच संपते. साताऱ्याच्या पठारांवरची व धुळ्याच्या साक्री परिसरातली पवनवीज मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत मिळते. त्याच काळात ढगांमुळे सौर निर्मिती घटते. मागणीतून सौर-पवन वीज वजा करून उरणारी निव्वळ मागणी भागवणे हे नियोजकांचे मुख्य काम ठरते.

ही तफावत भरायला जलविद्युत व साठवण लागते. १,९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प काही मिनिटांत निर्मिती वाढवू शकतो; मात्र कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवण्याच्या पाण्यावर मर्यादा घातली आहे. घाटघर येथील २५० मेगावॅटच्या उदंचन केंद्रात स्वस्त विजेच्या वेळी पाणी कड्यावरील जलाशयात चढवतात व गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज घेतात. सह्याद्रीचा उभा कडा अशा योजनांना सोयीचा आहे. ऊर्ध्व वैतरणेचे ६० मेगावॅटचे केंद्र मात्र मुंबईच्या पाणीपुरवठ्याशी जोडलेले असल्याने त्याचे वेळापत्रक केवळ विजेच्या गरजेवर ठरत नाही.

मागणी सरकवणे हा दुसरा उपाय आहे. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून कृषिपंपांना दिवसा वीज दिली जाते. त्यामुळे रात्रीचा भार दुपारवर येतो आणि लांबच्या पारेषणातली गळतीही घटते. जव्हार-मोखाड्यात हे गणित वेगळे आहे. खोडाळ्याच्या आसपासची भात, नाचणी व वरईची शेती बहुतांशी पावसावरची, पाडे विखुरलेले आणि भार थोडा. लांब वाहिन्यांच्या टोकाला विजेचा दाब उतरतो व पावसाळ्यात झाडे पडून पुरवठा तुटतो. अशा भागात मोठ्या सौर प्रकल्पापेक्षा वाहिन्यांचे बळकटीकरण, पाणी उपसणारे सौरपंप आणि बॅटरीसह छोटी स्थानिक केंद्रे अधिक उपयोगी पडतात.

जाळ्याचे स्थैर्य हाही नियोजनाचा भाग असतो. औष्णिक व जलविद्युत केंद्रांतील जड फिरती यंत्रे वारंवारतेतील अचानक घट सावरून धरतात; सौर पट्ट्यांमागील इन्व्हर्टर आपोआप तसे करत नाहीत. म्हणून पूर्वानुमान, राखीव क्षमता व जाळे सावरणारे इन्व्हर्टर यांची तरतूद आराखड्यातच करावी लागते. दैनंदिन समतोल राज्य व विभागीय भारप्रेषण केंद्रे राखतात. दर व वीजखरेदीचे नियमन महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग करतो.