आगबोट आणि पडाव

कोकणातल्या बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचलेली, म्हणून ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून हर्णै, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण अशी बंदरे घेत ती वेंगुर्ल्याकडे जाई. किनारा ते बोट हे अंतर उतारूंनी पडावातून काटायचे.

प्रवासाची खरी परीक्षा होती ती इथेच. समुद्र खवळलेला असला की पडाव लाटेबरोबर वर चढून बोटीच्या दाराशी येई आणि दुसऱ्याच क्षणी पुरुषभर खाली जाई. खलाशी लाट वर येण्याची वाट बघत. ती आली की आधी पोर वर, मग तिची आई, मग म्हातारी. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या करंड्या मागाहून. हर्णैला तर पडावही काठापर्यंत येत नसे, उतारूंना खलाशी खांद्यावरून नेत. डेकवर पथारी पसरेपर्यंत निम्म्यांना बोट लागलेली असे. त्यावर घरगुती तोड म्हणजे लिंबू नाहीतर आवळासुपारी.

पावसाळ्यात दक्षिणेकडच्या फेऱ्या बंद होत. शिडाची गलबतेही त्या सुमारास किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय तांडेल समुद्रात उतरत नसे. मुंबई बंदरातून रेवसला जाणाऱ्या जवळच्या फेऱ्या मात्र भर पावसातही चालत. 17 जुलै 1947 रोजी सकाळी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ, निघाल्यापासून तासाभरातच उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. अनेकांना वाचवले ते मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी. त्याआधी 1927 च्या नोव्हेंबरात, म्हणजे उघडिपीच्या दिवसांत, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या होत्या. कोकणात या तीन नावांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकली, वेळापत्रके विसरली गेली.

पुढे खाड्यांवर पूल झाले आणि एसटी गावोगाव पोहोचली. मुंबई-गोवा रस्ता सुधारला, तशी बोटीची गर्दी ओसरली. ऐंशीच्या दशकाअखेर ही वाहतूक थांबली. घाटात पोटात ढवळणाऱ्यांना मात्र आता ‘गाडी लागते’.