दाभोळ : घाटावरच्यांचं बंदर

‘तंबू? म्हंजी कोपीच की!’ निघताना आजी म्हणाली. तिचं बरोबर होतं. आमच्या बीडमध्ये नवरा-बायको बिऱ्हाड बांधून पश्चिमेला निघाले, की ते ऊसतोडीलाच. मुकादमाच्या हिशेबात दोघं मिळून एक ‘कोयता’. आजी-आजोबा असेच वर्षानुवर्षं गेले. समुद्र त्यांनी कधी पाहिला नाही.

आम्ही दोघं गाडीत तंबू टाकून दाभोळच्या धक्क्यावर पोचलो. वाशिष्ठीच्या मुखावर फेरीबोट गाड्यांसकट पलीकडे धोपाव्याला नेते. २००३ पासून ही सेवा आहे. गुहागरला जायचा लांबचा वळसा तिच्यामुळे वाचतो.

या खाडीचं घाटावरच्या मुलखाशी नातं मात्र जुनं आहे. बहमनी राज्याचं दाभोळ हे मोठं बंदर, आणि बीडही त्याच राज्यात. समुद्रापलीकडून इथे घोडे उतरत, दख्खनचा माल बाहेर जाई. रशियन व्यापारी अफानासी निकितिन बिदर पाहून १४७०च्या दशकाच्या सुरुवातीला परतीसाठी इथूनच जहाजात बसला. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीज आल्मेदाने हे शहर लुटून जाळलं.

म्हणजे समुद्र आपल्याला परका नव्हताच. घाट ओलांडून माल आणि घोडे ये-जा करत होते. आमच्या घरातून मात्र इथवर पोचणारे आम्ही पहिलेच, तेही कामाविना.

रात्री गुहागरहून आजीला व्हिडिओ कॉल केला. लाटांकडे बराच वेळ बघून तिने विचारलं, ‘तिथं तोड न्हाई ना? मग राहा की अजून दोन दिस.’