टेपरचा उतार आणि टर्नरची बोटे

ड्रिलिंग मशीनमध्ये मोठे ड्रिल बसवताना स्क्रू आवळावा लागत नाही. मग ते सुटून का पडत नाही? ड्रिलची मागची दांडी किंचित निमुळती असते. तशाच निमुळत्या भोकात ती दाबून बसवली की घर्षणानेच घट्ट राहते. अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी १८६० च्या दशकात रूढ केलेले हे माप आजही ‘मोर्स टेपर’ म्हणून वापरतात. त्यात सुमारे २० मिमी लांबीमागे व्यास १ मिमीने कमी होतो.

असे टेपर लेथवर कापतात. पूर्वी टर्नर हत्यार हातात धरून, टेकूवर टेकवून धातू तासत असे. उतार नजरेने साधायचा आणि हत्यार अडकले तर झटका मनगटाला बसायचा. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांनी हत्यार सरकत्या लोखंडी आधारात पक्के धरणारा लेथ प्रचारात आणला. त्यामुळे अचूकता वाढली आणि हातही धातूपासून दूर गेला. आपल्याकडे १९४१ मध्ये हरिहर येथे मैसूर किर्लोस्कर कंपनी सुरू झाली आणि देशी बनावटीचे लेथ कारखान्यांत पोहोचले.

आता थोडे गणित करू. मोठा व्यास २५ मिमी, लहान २० मिमी आणि लांबी १०० मिमी आहे. व्यासांतील फरकाला लांबीच्या दुपटीने भागले की ५ भागिले २००, म्हणजे ०.०२५ मिळतात. ही कोनाची टॅन किंमत; कोन सुमारे १.४३ अंश. लेथची वरची स्लाइड तेवढीच फिरवायची.

पण फिरवलेली स्लाइड चकच्या जबड्यांवर आदळू शकते. म्हणून वीज बंद ठेवून, चक हाताने एक फेरा फिरवून पाहावे. चकची किल्ली लगेच काढावी. हातमोजे, सैल बाही, लोंबते उपरणे नको. डोळ्यांवर चष्मा हवा. माप घ्यायचे ते यंत्र थांबल्यावरच. एमरी कापड बोटाभोवती गुंडाळून जॉब घासणे सर्वांत घातक, कारण कापड अडकले की बोटही ओढले जाते.

१९४८ च्या कारखाने कायद्यात चालत्या यंत्राजवळच्या काही कामांसाठी अंगाबरोबरचे कपडे सक्तीचे होते. मात्र विजेवर चालणाऱ्या ठिकाणी मूळ कायदा दहा कामगारांपासून लागू होई. २०२० च्या केंद्रीय संहितेत ही संख्या वीस आहे. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत दोन-चार माणसांचे गाळेही असतात. तिथे शिकाऊ मुलाला वाचवते ती उस्तादाने लावलेली सवय.

आपले काही विद्यार्थी उद्या अशा यंत्रासमोर उभे राहतील. त्रिकोणमिती शिकवताना हे उदाहरण आपण फळ्यावर जरूर सोडवावे, आणि कोन काढून झाला की विचारावे, ‘यंत्र सुरू करण्यापूर्वी काय काय पाहाल?’