शिफारसपत्र ते अधिभार : लंडनची रुग्णालये आणि परदेशातून आलेला रुग्ण

लंडनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसापुढे आजारपणात दोन वाटा असतात. एक ‘एनएचएस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेची, दुसरी पैसे मोजून घ्यायच्या खासगी उपचारांची. सरकारी रुग्णालय गरिबांचे आणि खासगी ऐपतवाल्यांचे, ही भारतातली समजूत सोबत घेऊन गेलेल्याला तिथला हिशेब लवकर उमगत नाही. त्या शहरात या दोन वाटा जवळजवळ दोनशे वर्षांत घडत गेल्या, आणि परक्या मुलखातून आलेल्या रुग्णाचे काय करायचे हा पेच त्यांच्या घडणीत सुरुवातीपासून होता.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधली मोठी रुग्णालये धर्मादाय होती. त्यांचा खर्च श्रीमंतांच्या देणग्यांवर आणि वर्गणीवर चाले, आणि वर्गणीदाराला त्या बदल्यात रुग्णांची शिफारस करण्याचा हक्क मिळे. अपघात वगळता रुग्णाला दाखल व्हायचे तर अशा वर्गणीदाराचे पत्र लागे. शहरात नवख्या माणसाच्या ओळखीचा वर्गणीदार कुठून असणार? १८२७ च्या हिवाळ्यात विल्यम मार्सडेन या तरुण शल्यचिकित्सकाला होबर्नमधल्या सेंट अँड्र्यू चर्चच्या पायऱ्यांवर एक मरणासन्न मुलगी सापडली. तिच्याजवळ पत्र नव्हते, म्हणून एकाही रुग्णालयाने तिला घेतले नाही. दोन दिवसांत ती गेली. पुढच्याच वर्षी, १८२८ साली, मार्सडेनने ग्रेव्हिल स्ट्रीटवर पत्राशिवाय आणि पैशाशिवाय उपचार करणारा दवाखाना काढला. आजार आणि गरज एवढीच तिथली पात्रता होती. ‘रॉयल फ्री हॉस्पिटल’ म्हणून पुढे नावारूपाला आलेली संस्था ती हीच.

मराठी वाचकाला हे नाव आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. बायकांना वैद्यकीय शिक्षण देण्यासाठी १८७४ साली निघालेल्या लंडनच्या महाविद्यालयाला विद्यार्थिनींच्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी एकही मोठे रुग्णालय दार उघडेना; १८७७ साली रॉयल फ्रीने ते उघडले. बालविवाहाच्या गाजलेल्या खटल्यानंतर १८८९ मध्ये मुंबईहून इंग्लंडला गेलेल्या रखमाबाई याच महाविद्यालयात शिकल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या.

खलाशांची गोष्ट वेगळी होती. टेम्स नदीवरच्या गोद्यांमध्ये जगभरचे खलाशी उतरत. त्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून आलेले, इंग्रज ज्यांना ‘लस्कर’ म्हणत ते हिंदी खलाशीही असत. बंगाल, गुजरातबरोबरच कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरची माणसेही त्यांत होती. जहाज परतेपर्यंत थंडीत, अपुऱ्या कपड्यांत दिवस काढताना ती आजारी पडत. इंग्लंडच्या गरीब-कायद्यानुसार मदत मिळे ती माणूस ज्या पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा, रहिवासी असेल तिथे, आणि खलाशी कुठल्याच पॅरिशचा नव्हता. १८२१ साली ‘सीमेन्स हॉस्पिटल सोसायटी’ स्थापन झाली आणि ‘ग्रँपस’ या जुन्या युद्धनौकेवर रुग्णालय सुरू झाले. १८३१ पासून ते ‘ड्रेडनॉट’ या अधिक मोठ्या नौकेवर गेले आणि १८७० मध्ये ग्रिनिचच्या किनाऱ्यावर स्थिरावले. कुठल्याही देशाच्या खलाशाला तिथे जागा मिळे. उपकार मात्र एकतर्फी नव्हता. उष्ण प्रदेशांतल्या आजारांची माहिती ब्रिटिश डॉक्टरांना या रुग्णांमुळे झाली, आणि १८९९ साली पॅट्रिक मॅन्सन यांच्या प्रयत्नांनी निघालेली उष्णकटिबंधीय वैद्यकाची शाळा याच संस्थेच्या गोदीतल्या रुग्णालयात भरू लागली.

जे परदेशी लंडनमध्ये कायमचे राहिले, त्यांनी आपापली रुग्णालये काढली. पूर्व लंडनमधल्या साखर कारखान्यांत राबणाऱ्या जर्मन मजुरांना इंग्रजी येत नसे, आणि डॉक्टरला कुठे दुखते ते सांगता येत नसेल तर उपचार अर्धवटच होतात. १८४५ साली डॅल्स्टनमध्ये जर्मन हॉस्पिटल उघडले. १८६७ मध्ये फ्रेंच हॉस्पिटल आले, आणि १८८४ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता ओर्तेल्ली या व्यापाऱ्याने क्वीन स्क्वेअरमधल्या आपल्या घरातच इटालियन हॉस्पिटल सुरू केले. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंनी पै-पैशाची वर्गणी गोळा करून १९१९ साली स्टेपनी ग्रीनला स्वतःचे रुग्णालय उभे केले. आपली भाषा आणि आपले अन्न हे परक्या गावातल्या रुग्णासाठी औषधाइतकेच महत्त्वाचे असते. ते या माणसांना कुणी शिकवावे लागले नाही.

मग खासगी रुग्णालये कुठे होती? फारशी नव्हतीच. तेव्हाच्या श्रीमंताला रुग्णालयात जाणे कमीपणाचे वाटे. डॉक्टर त्याच्या घरी येई, शस्त्रक्रियासुद्धा घरच्या टेबलावर होई. हार्ले स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांत नामांकित डॉक्टरांनी बस्तान बसवले ते या घरगुती व्यवसायासाठी. निर्जंतुक शस्त्रक्रिया, भूल आणि पुढे क्ष-किरण आल्यावर घरी उपचार करणे धोक्याचे ठरू लागले, आणि तेव्हा कुठे पैसेवाला रुग्ण रुग्णालयाकडे वळला. सेंट थॉमस हॉस्पिटलने १८८१ मध्ये पैसे देणाऱ्यांसाठी वेगळी सोय केली. खासगी रुग्णांसाठीच बांधलेले ‘लंडन क्लिनिक’ १९३२ साली उघडले. अगदी निर्धनांसाठी गरीब-कायद्याखालच्या कार्यगृहांची, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घेणाऱ्या ‘वर्कहाउसां’ची, इस्पितळे होती. १८६७ च्या कायद्यानंतर ती सुधारत गेली आणि १९३० मध्ये नगरपालिकांकडे आली. पण तिथे जाण्यातली लाज काही लवकर पुसली गेली नाही. दरम्यान धर्मादाय रुग्णालयांची तिजोरी आटत चालली होती, म्हणून रुग्णाची ऐपत तपासणारे अधिकारी नेमले गेले. अशा पहिल्या अधिकारी मेरी स्ट्युअर्ट १८९५ साली नेमल्या गेल्या त्या रॉयल फ्रीमध्येच. ज्या दारावर कुणाला काही विचारायचे नाही असे ठरले होते, त्याच दारावर पुन्हा विचारणा सुरू झाली.

५ जुलै १९४८ रोजी ही विचारणा थांबली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी धर्मादाय आणि नगरपालिकेची बहुतेक सगळी रुग्णालये राष्ट्रीय सेवेत आणली, आणि उपचार करांच्या पैशातून, रुग्णाकडून काहीही न घेता, देऊ केले. जर्मन हॉस्पिटलही एनएचएसमध्ये गेले. इटालियन हॉस्पिटल मात्र बाहेर राहून १९९० पर्यंत स्वतंत्रपणे चालले. नव्या सेवेला विमा-हप्त्याची किंवा नागरिकत्वाची अट नव्हती, म्हणून ब्रिटनमध्ये असलेला परदेशीही तिचा लाभ घेऊ शके. यावर लगेच ओरड झाली. परदेशी लोक फुकट चष्मे आणि कवळ्या घेऊन जातात, असे वृत्तपत्रे लिहू लागली. १९४९ च्या कायद्याने परदेशी रुग्णाकडून पैसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला, पण तो तीस वर्षांहून अधिक काळ वापरलाच गेला नाही. बेव्हन यांनी १९५२ मधल्या आपल्या पुस्तकात त्याची कारणमीमांसा केली आहे. परदेशी ओळखायचा तर ब्रिटिश माणसालाही आपण परदेशी नाही हे दर वेळी सिद्ध करावे लागेल. त्या खटाटोपापेक्षा पाहुण्यावर उपचार करणे स्वस्त आणि माणुसकीचे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे जे घडले ते पाहता या माणसाची दूरदृष्टी मान्य करावीच लागते.

बेव्हन यांना एक तडजोड मात्र करावी लागली. वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरांचा विरोध मोडण्यासाठी त्यांना सरकारी नोकरी सांभाळून खासगी व्यवसाय करण्याची मुभा दिली गेली, आणि सरकारी रुग्णालयांतच पैसे देणाऱ्यांसाठी काही खाटा ठेवल्या गेल्या. ब्रिटनमधले सरकारी आणि खासगी वैद्यक तेव्हापासून एकमेकांत गुंतलेले आहे. १९४७ साली निघालेल्या ‘बूपा’ या विमासंस्थेला यातून ग्राहक मिळत गेले. १९७४ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमधल्या कर्मचाऱ्यांनी खासगी खाटांविरुद्ध काम थांबवले, आणि मंत्री बार्बरा कॅसल यांनी त्या खाटा हटवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. १९७६ च्या कायद्याने सुमारे १००० खाटा गेल्या. परिणाम उलटाच झाला : सरकारी इमारतीतून निघालेले पैसे खासगी इमारतींकडे वळले. त्याच सुमारास तेलाचे भाव वाढल्याने आखाती देशांतले सधन रुग्ण लंडनला येऊ लागले होते. सेंट जॉन्स वुडमधले वेलिंग्टन हॉस्पिटल १९७४ मध्ये आणि क्रॉमवेल हॉस्पिटल १९८१ मध्ये सुरू झाले, आणि अरबी बोलणारा रुग्ण तिथे नेहमीचा झाला.

या काळात एनएचएस स्वतः परदेशातून आलेल्यांच्या बळावर उभी होती. कॅरिबियनमधून परिचारिका आणि भारतीय उपखंडातून डॉक्टर आले. १९७१ पर्यंत इंग्लंडमधल्या डॉक्टरांपैकी सुमारे तीन-दशांश परदेशात जन्मलेले आणि तिथेच शिकलेले होते. मानाच्या शाखा आणि बड्या रुग्णालयांतल्या जागा त्यांना क्वचित मिळत. त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा वृद्धोपचार, मानसोपचार आणि औद्योगिक गावांतले दवाखाने आले. त्यांनी ते काम निष्ठेने केले, आणि वेल्समधल्या खाणगावांत माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ‘आपला डॉक्टर’ म्हणून ओळखले ते भारतीयाला.

१ ऑक्टोबर १९८२ पासून १९४९ चा तो अधिकार अखेर अंमलात आला. आता पाहुण्याला रुग्णालयातल्या उपचारांचे पैसे द्यावे लागणार होते. तरी विद्यार्थी, नोकरीवर आलेले आणि बारा महिने कायदेशीरपणे राहिलेले यांना सूट होती, त्यामुळे शिकायला गेलेल्या भारतीय मुलाला फरक जाणवला नाही. खरा बदल २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने केला. कायमच्या वास्तव्याचा परवाना नसलेला माणूस या बाबतीत रहिवासी धरला जाणार नाही, असे त्याने ठरवले, आणि एप्रिल २०१५ पासून व्हिसासोबत आरोग्य अधिभार लावला. तो सुरुवातीला वर्षाला २०० पौंड होता. २०१९ मध्ये ४०० झाला, २०२० मध्ये ६२४, आणि फेब्रुवारी २०२४ पासून १०३५. विद्यार्थी आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी तो ७७६ पौंड आहे. व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांची रक्कम एकदम भरायची असते. म्हणजे आई-वडील आणि दोन मुलांच्या कुटुंबाला तीन वर्षांसाठी १०,८६६ पौंड. पगारातून कर कापला जातो तो वेगळाच.

२०१७ मध्ये तातडीचे नसलेले उपचार सुरू करण्याआधीच पैसे घेण्याची सक्ती झाली, आणि बेव्हन यांनी वर्तवलेला धोका खरा ठरला. कॅरिबियनमधून आलेल्या आणि ४४ वर्षे लंडनमध्ये राहिलेल्या एका माणसाला कागदपत्रे नसल्यामुळे कर्करोगावरच्या किरणोपचारांसाठी ५४,००० पौंड मागण्यात आले. हे प्रकरण २०१८ मध्ये देशभर गाजले. चर्चच्या पायऱ्यांवरच्या त्या मुलीजवळ पत्र नव्हते, या माणसाजवळ पासपोर्ट नव्हता.

आज अधिभार भरून गेलेल्या माणसाला एनएचएसमध्ये तिथल्या रहिवाशाइतकाच हक्क आहे. राहत्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, नाव नोंदवणे ही त्याची पहिली पायरी. तज्ज्ञाकडे जायचे तर जीपीचे पत्र लागते, आणि खासगी तज्ज्ञही बहुधा ते मागतोच. अडचण वाट पाहण्याची आहे. नियोजित उपचार अठरा आठवड्यांत सुरू व्हावेत असा दंडक असताना २०२३ मध्ये इंग्लंडमधली प्रतीक्षायादी ७७ लाखांवर गेली. गुडघ्याच्या किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माणसे खासगीकडे जातात ती या रांगेमुळे. तिथे पैसे मोजून मिळतो तो लवकरचा दिवस आणि स्वतंत्र खोली. शस्त्रक्रिया करणारा पुष्कळदा तोच सर्जन असतो, जो आदल्या दिवशी सरकारी रुग्णालयात होता. शिवाय २०१२ च्या कायद्याने अनेक सरकारी रुग्णालयांना आपल्या उत्पन्नाचा निम्म्यापर्यंतचा भाग खासगी रुग्णांकडून मिळवण्याची परवानगी दिली, त्यामुळे इमारतही कधी कधी तीच असते.

खासगी विमा सहसा आधीपासून असलेले आजार, मधुमेहासारखे जुनाट विकार आणि सरळ बाळंतपण यांचा खर्च देत नाही. बहुतेक खासगी रुग्णालयांत अपघात विभाग नसतो, आणि तिथे शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अत्यवस्थ झाला तर त्याला अनेकदा रुग्णवाहिकेने एनएचएसच्या अतिदक्षता विभागातच हलवतात. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मोठा अपघात यांत निवडीचा प्रश्नच उरत नाही. ९९९ वर फोन केल्यावर येते ती सरकारी रुग्णवाहिका.

मुलांकडे राहायला पुण्या-मुंबईहून जाणाऱ्या आई-वडिलांची गोष्ट यात सर्वांत बिकट आहे. पाहुण्यांच्या व्हिसावर अधिभार नसतो, म्हणून रुग्णालयात त्यांना रहिवाशाचा हक्कही नसतो. अपघात विभागातली तपासणी आणि जीपीची भेट विनाशुल्क आहे. पण वॉर्डात दाखल केल्या क्षणापासून बिल सुरू होते, आणि ते एनएचएसच्या स्वतःच्या दराच्या दीडपट असते. उपचार तातडीचे असतील तर पैशासाठी ते अडवले जात नाहीत, मात्र नंतर वसूल केले जातात. ५०० पौंड किंवा त्याहून अधिक थकले तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे प्रवासविमा घेताना जुन्या आजारांची माहिती न लपवता देणे आणि डिस्चार्जचे कागद जपून ठेवणे, ही दोन कामे विमानात बसण्याच्या तयारीइतकीच आवश्यक असतात.